मेड्युसाकडे पाठ

मत्स्यालयातल्या जेलीफिशच्या टाकीवरच्या फलकावर ‘मेड्युसा’ लिहिलं, तिथेच तिचं चुकलं. पोहायला लागलेल्या जेलीफिशला विज्ञानात मेड्युसा म्हणतात, म्हणून तिनं लिहिलं. पण मत्स्यालयाच्या सजावटकाराला त्या नावाची ग्रीक बाई तेवढी ठाऊक होती. केसांच्या जागी साप, आणि जो तिच्याकडे बघेल त्याचा दगड. शेवटी एका वीरानं ढालीतलं प्रतिबिंब बघत तिचं मुंडकं उडवलं म्हणे. झालं, सजावटकारानं टाकीसमोरच्या भिंतीवर ढालीएवढे गोल आरसे ठोकले आणि लोकांनी टाकीकडे पाठ करून आरशातच बघायचं, असा फतवा काढला.

तिनं साहेबांपुढे डोकेफोड केली. ताटलीला चिकटलेल्या कणाएवढ्या पिल्लांपासून अकरा महिने हे जीव वाढवले, ते काय आरशात धूसर दिसायला? साहेब म्हणाले, लोकांना गंमत हवी असते. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात उद्घाटनाला आई येणार होती. आईच्या लेखी लेकीची नोकरी म्हणजे पगारी भांडी घासणं. शेजारणींना ती ‘पाण्याच्या खात्यात आहे’ असं सांगून मोकळी व्हायची. आज तरी आईनं आपलं काम डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आई आली. मार्गदर्शकाचं भाषण तिनं मन लावून ऐकलं आणि शहाण्या मुलीसारखी टाकीकडे पाठ करून उभी राहिली. वर आरशात बघून केसही सारखे केले. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई, मागे वळ.”

“अगं, त्यांनी सांगितलंय ना, बघायचं नाही म्हणून.”

“झालीस दगड तर नेईन उचलून घरी. वळ तू.”

आई कुरकुरत वळली. काचेपलीकडे बशीएवढ्या, दुधी, आरपार दिसणाऱ्या वीसेक जेलीफिश मिटत-उमलत वर चालल्या होत्या. आई काचेला नाक लावून बघत राहिली. मार्गदर्शकानं दोनदा टोकलं, तरी हलली नाही. तिचं बघून आणखी दोघंतिघं वळली.

“ही सगळी तू वाढवलीस?”

“हो.”

“मग खायला काय घालतेस त्यांना?”

सात वर्षांत आईनं नोकरीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर सोपं होतं, झिंग्याची बारीक पिल्लं, दिवसातून दोनदा. सात वर्षं ती ते जिभेवर घेऊन बसली होती, आणि आता ती आईचा हात धरून तिला टाकीमागच्या खाद्याच्या बरणीकडे घेऊन निघाली.