माझे दार आत दुमडते

मी एक जुनी, पोटाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी अशी चाकांवरची घरमालकीण आहे! मित्रांनो, लोक मला गोर्दा म्हणतात. आमच्याकडे गोर्दा म्हणजे जाडी. मला राग येत नाही, कारण मी जाडी आहेच. माझ्या पोटात एक चूल, भट्टी, फळ्यांचे पलंग, पाण्याची टाकी, कांद्याची पोती आणि अख्खे ओयार्सो कुटुंब मावते. सडपातळ असते तर हे सगळे कुठे ठेवले असते, सांगा बरे!

जन्मतः मी घर नव्हते. मी पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या, सदा वाऱ्याच्या कोमोदोरो शहरातली बस होते. सकाळी तेलाच्या विहिरींवर जाणारे कामगार, दुपारी शाळेची मुले आणि संध्याकाळी दमलेल्या आया माझ्यातून ये-जा करत. माझे इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी, एका लोखंडी कुबडाखाली आहे. त्या कुबडावर किटली ठेवली की पाणी आपोआप गरम राहते. चालकाच्या हातात माते नावाच्या आमच्या कडू चहाचा पेला कधी रिकामा राहिला नाही, तो माझ्या या कुबडामुळे. आणि माझे दार! ते दोन फळ्यांचे आहे आणि आतल्या बाजूला दुमडते. हे दार नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर फिरते.

नव्या बसगाड्या आल्या, तेव्हा मला शहराबाहेर उभे केले. तिथून रुबेन ओयार्सोने मला घरी नेले. त्याची बायको मिर्ता मेंढ्या कातरणाऱ्या टोळीची स्वयंपाकीण. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत टोळी एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर जाते, आणि स्वयंपाकिणीला आपले घर सोबत घेऊनच जावे लागते. दोघांनी माझ्या सीटा काढल्या, चूल बसवली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. त्यांची मुलगी मायलेन तेव्हा एवढीशी होती. रश्श्याच्या वाफेने धुरकटलेल्या माझ्या काचांवर बोटाने लिहीतच ती अक्षरे शिकली.

माझ्याआधी त्यांच्याकडे दोन फिरती घरे होऊन गेली होती. मी त्यांना पाहिले नाही, पण मिर्ता कांदे चिरताना त्यांच्याबद्दल इतके बोलायची की ती मला सख्ख्या बहिणींसारखी ओळखीची वाटतात.

पहिली होती पुल्गा, म्हणजे पिसू. मोटारीमागे बांधून ओढायची खोपटी. ती स्वस्त होती, हलकी होती, आणि कुरणावर पोचले की तिला सोडून मोटार मोकळी मिळायची. हा फार मोठा गुण! पण आमचा वारा हलक्या वस्तूंना सोडत नाही. एका वळणावर त्याने पुल्गाला उचलून आडवी केली आणि बटाटे पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत घरंगळत गेले.

दुसरी पाकोळी. ती बंद व्हॅन होती. वेगाने पळायची, तेल थोडे प्यायची, चिखलातूनही सटकायची. पण तिच्यात ताठ उभे राहता येत नसे. मिर्ता म्हणायची, "त्या पाकोळीत मी इतकी वाकून पीठ मळलं, की टोळीतले लोक मला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून ओळखायचे."

मग आले मी. माझ्यात मिर्ता ताठ उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी हात वर करून छताला टेकवत ओरडली, "रुबेन, इथे मी नाचू शकते!" ती नाचलीसुद्धा, हातात कलथा घेऊन. मी जड म्हणून वाऱ्याला दाद देत नाही. माझे पोट उंच म्हणून खडीच्या रस्त्यावर काही घासत नाही. हे झाले गुण. आता अवगुणही सांगते, लपवायचे कशाला? मी तेल ढोसते. चढावर मेंढ्या मला मागे टाकतात. छताच्या एका कोपऱ्यातून गळते, बरोबर रुबेनच्या उशीवर. आणि थंडीत माझ्यात झोपणे म्हणजे मोजे, टोपी आणि दोन कुत्री सोबत घेऊन झोपणे.

मिर्ताची कंबर दुखू लागली आणि रुबेनने प्रिन्सेसा नावाची नवी घरगाडी आणली.

काय दिसत होती ती! पांढरीशुभ्र, आत ऊब देणारे यंत्र, मऊ गाद्या, गरम पाण्याची अंघोळ. मिर्ता पहिल्यांदा तिच्या गादीवर आडवी झाली तेव्हा इतक्या सुखाने "आई गं" म्हणाली, की मला हेवा करायलाही लाज वाटली. तिचेही दोष होते. पोट खाली, कपाटे प्लॅस्टिकची. रस्त्यात खड्डा आला की सगळ्या बशा खाली. पण मिर्ताची कंबरदुखी थांबली होती, मग कोण काय बोलणार?

मला गोठ्यामागे उभे केले. पडदे उडाले. कोंबड्या आत राहू लागल्या. त्यांतल्या डोन्या होर्तेन्सिया, म्हणजे होर्तेन्सियाबाई, नावाच्या कोंबडीने तर थेट माझ्या भट्टीत अंडी घातली आणि मालकीण असल्यासारखी त्यांवर बसली. शाळेतून आल्यावर मायलेन कधी कधी माझ्यात येऊन अभ्यास करायची. तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

मग एक दिवस भंगारवाला कांदिया आला. त्याने माझ्या पत्र्यावर टकटक केली, जशी कलिंगडावर करतात तशी. "इंजिन वेगळं, पत्रा वेगळा. शनिवारी नेतो," तो म्हणाला. रुबेनने मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी हंगाम सुरू होणार होता. सोमवारी पहाटे लास मानादासच्या कुरणावर पहिली मेंढी कातरायची, आणि त्याआधी चूल पेटलेली हवी. टोळीचा मुकादम डॉन एवारिस्तो, म्हणजे एवारिस्तोराव, भला माणूस, पण घड्याळाचा पक्का. मिर्ता वेळेवर आली नाही, तर त्याची वहिनी आपली कढई घेऊन तयारच होती. आणि एकदा गेलेली चूल हंगामभर परत मिळत नाही.

शुक्रवारी दुपारी रुबेन प्रिन्सेसात सामान भरायला गावात गेला आणि परतला तेव्हा तिला दारच नव्हते! दाराच्या जागी घोंगडी बांधली होती आणि ती शिडासारखी फडफडत होती.

मित्रांनो, आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते की गाडी थांबवायची ती नाक वाऱ्याकडे करून. शेपूट वाऱ्याकडे ठेवून दार उघडले, तर वारा ते आपल्या नावावर करून घेतो. रुबेनने नेमके तेच केले होते. दार उडाले, कुंपणावरून गेले आणि पार मोडून-वाकून एका म्हाताऱ्या मेंढ्यासमोर जाऊन पडले.

"आज वारा वेडा झाला होता," रुबेन म्हणाला.

"वारा रोजच वेडा असतो, बाबा," मायलेन म्हणाली. "आज तू झालास."

"तुला कोणी विचारलं?"

"मेंढा विचारत होता, खिडकीपण पाठवणार का म्हणून!"

मिर्ताला हसू आले आणि लगेच रडूही आले. नवे दार राजधानीहून यायला कितीतरी आठवडे लागणार होते. "गेली माझी चूल," ती पायरीवर बसून म्हणाली.

"तंबूत करू स्वयंपाक," रुबेन पुटपुटला.

"या वाऱ्यात? तंबूच्या मागे धावू की पातेल्याच्या?"

तेव्हा मायलेनने माझ्याकडे बोट दाखवले. "गोर्दा आहे ना."

"ती उद्या कांदियाकडे चाललीय. तिला आता गाडी म्हणू नकोस, ते लोखंड आहे."

"मग हे लोखंड मला चालू करून दाखवायचंय," ती म्हणाली. ती आली, माझ्या चालकाच्या जागेवर बसली आणि हाताची घडी घातली. "चालू झाली तर हीच जाईल. नाही झाली, तर कांदियाला मी स्वतः दार उघडून देईन."

रुबेन तिला ओढून काढू शकला असता, पण त्याने नटबोल्टांचे पाने आणले. दोघे अंधार पडेपर्यंत माझ्या पोटाखाली होते. तेलाच्या टाकीतला गाळ उपसला, नळ्या फुंकल्या, चाकांत हवा भरली. माझी बॅटरी मेली होती. मग मायलेनने कोणाची बॅटरी आणली असेल? प्रिन्सेसाची! त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल वाकडा शब्द काढत नाही.

शनिवारी सकाळी किल्ली फिरली. मी खोकले. पुन्हा फिरली. मी शिंकले. कोंबड्या पिसे सांडत पळाल्या. मी स्वतःला बजावले, जाडे, आज नाही तर कधीच नाही! आणि तिसऱ्या वेळी मी अशी काही गरजले की शेजाऱ्याच्या दोरीवरचे कपडे हलले.

"भट्टीतल्या बाईंचं काय करायचं?" मिर्ताने विचारले. डोन्या होर्तेन्सिया जागची हलली नव्हती. शेवटी अंड्यांसकट तिला टोपलीत ठेवले आणि टोपली मागच्या पलंगाखाली. तिथूनही ती आम्हाला शिव्या देत होती.

फाटकातून बाहेर पडतो तोच समोर कांदियाचा ट्रक.

"अहो रुबेन! माझं लोखंड कुठे चाललं?"

मायलेनने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले. "कामावर!"

रस्ता खडीचा आणि वारा समोरून. मी हळू चालले, पण चालले. चढाच्या पायथ्याशी एका संताचे, लाल निशाणांचे छोटे देऊळ आहे. तिथून जाताना प्रत्येक गाडी भोंगा वाजवते, नाहीतर वाट नीट सरत नाही म्हणतात. रुबेन मानत नाही, पण वाजवतो. त्याने वाजवला, आणि माझा गंजलेला भोंगा अडकूनच बसला! अर्धा चढ मी बोंबलत चढले.

"संतांना ऐकू गेलं असेल आता," मिर्ता कानांवर हात ठेवून म्हणाली.

भोंगा थांबला आणि इंजिन तापले. कुबडाखालून वाफ आली. रुबेनने मला रस्त्याकडेला घेतले.

"नाक वाऱ्याकडे कर, बाबा," मायलेन हळूच म्हणाली. या वेळी तिने टोमणा मारला नाही.

त्याने मला वळवले. मग तोच वारा, पुल्गाला पाडणारा, दार पळवणारा, माझ्या जाळीतून आत शिरला आणि तापलेल्या छातीवर फुंकर घालू लागला. तिघे कुबडाशी बसले. माते-चहाचा पेला फिरला. पेला हातात आल्यावर रुबेन म्हणाला, "प्रिन्सेसाचं दार वाऱ्याने नाही नेलं. मी घालवलं."

"माहितीये," मिर्ता म्हणाली.

"या जाडीने बिघडवलं मला. हिचं दार आत दुमडतं. कशीही उभी करा, वारा काय करणार? इतकी वर्षं नाक बघायची सवयच गेली माझी." आणि त्याने माझ्या कुबडावर थाप मारली. कलिंगडावर मारतात तशी नाही बरे का! मित्राच्या पाठीवर मारतात तशी.

रविवारी दुपार कलली तेव्हा आम्ही लास मानादासला पोचलो. टोळी येऊन ठेपली होती. डॉन एवारिस्तोची वहिनी उघड्यावर चूल मांडून बसली होती आणि वारा तिच्या रश्श्यात मूठमूठ वाळू घालत होता. लोक पातेल्यात डोकावून गुपचूप मागे सरकत होते.

"मिर्ता!" डॉन एवारिस्तो ओरडला. "मला वाटलं, तू यायची नाहीस. आणि ही म्हातारी अजून जिवंत आहे?"

"दोघीही आहोत," मिर्ता म्हणाली. "हात धुवा सगळ्यांनी."

माझे दार दुमडले. एकेक करून ती धिप्पाड माणसे आत आली आणि कांद्यांच्या पोत्यांवर, पलंगांवर, पायऱ्यांवर बसली. वारा बाहेर दात खात राहिला. मिर्ताने मटणाचा रस्सा उकळायला ठेवला, जाड पुऱ्या तळल्या, आणि बाहेर एकट्या उभ्या असलेल्या वहिनीलाही हाक मारली. "या हो आत. कांदे चिरायला हात कमी पडतायत." काचांवर पुन्हा वाफ धरली. मायलेनने बोटाने त्यावर मोठ्या अक्षरांत माझे नाव लिहिले.

डॉन एवारिस्तोने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. "चूल हंगामभर तुझीच, मिर्ता."

सगळे जेवून बाहेर गेले, तेव्हा रुबेन येऊन बसला आणि त्याने मला पुन्हा चालू केले. हळूहळू फिरवले आणि नाक बरोबर वाऱ्याकडे करून थांबवले.

"बाबा," मायलेन हसली, "हिचं दार आत दुमडतं. हिला काय गरज?"

"हिला नाही गं, मला आहे. प्रिन्सेसाचं नवं दार येईपर्यंत हाताला सवय व्हायला हवी." मग माझ्या छताच्या गळक्या कोपऱ्याकडे बघत तो म्हणाला, "थंडीत डांबरी रस्त्यावर ती जाईल, खडीवर ही. कांदियाला सांगायचं, आमच्या अंगणात लोखंड नाही."

मित्रांनो, हंगामाच्या सुरुवातीलाच होर्तेन्सियाची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि मेंढ्या कातरणाऱ्यांनी त्यांना एकेका कुरणाचे नाव दिले. गळका कोपरा रुबेनने डांबर लावून बंद केला आहे. तुमच्याही अंगणात माझ्यासारखी एखादी गाडी, सायकल, शिलाईचे यंत्र कोपऱ्यात उभे असेल. त्याची नुसती दया करू नका. दयेने चाके फिरत नाहीत. त्याला तेल द्या, हवा द्या, गंज पुसा, आणि त्याच्या दोषांसकट एकदा कामावर न्या. नवी वस्तू आणा, जरूर आणा, पण जुनीने लावलेल्या सवयी नवीला चालतील का, हेही बघा.

आता पुढचे कुरण. चढ आहे, खडी आहे, वारा तर आहेच. डोन्या होर्तेन्सिया पिल्लांसह टोपलीत बसली आहे. कुबडावर किटली गुणगुणते आहे. मायलेनने किल्ली हातात घेतली आहे.

चला. नाक वाऱ्याकडे!