जाऊ द्या

टाचणीचं डोकं केव्हाच निघून गेलं होतं. उरली होती नुसती बारीक तार, तिलाही गंज धरलेला – लाँड्रीत सगळ्यालाच गंज धरतो, वाफच इतकी – आणि त्या तारेत तीन कागद अडकवलेले. वहीच्या पानांचे अर्धे अर्धे तुकडे. तिन्हींवर अक्षर एकच, गोल, शाळकरी, 'महोदया'तला 'ह' दर वेळी जरा मोठा आलेला. तारखा तेवढ्या वेगळ्या. चार. नऊ. बारा. बाईंनी ड्रॉवर लोटला. तो पुरता बसला नाही, म्हणून गुडघ्याने रेटला, आणि मग उगाचच इकडेतिकडे पाहिलं, चोरी करताना कुणी बघितलं की काय अशा नजरेने.

चोरी कसली? रजेचे अर्ज होते. हॉस्पिटलच्या लाँड्रीची सगळी माणसं बाईंच्या हाताखाली, तेव्हा त्यांचे अर्ज बाईंच्याच ड्रॉवरमध्ये असणार.

बाहेर मोठं ड्रायर घरघरत होतं. आज दोन आठवड्यांनी इस्त्रीवाली कामावर आली होती. सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना दारात उभी राहिली, एप्रन आधीच बांधलेला, हातात चौथा कागद.

"मॅडम, आले मी. दोन दिवस जास्त झाले. आईला एकटीला सोडवेना. अर्ज लिहून आणलाय."

"अगं, अर्ज कशाला आता... बरी आहेस ना?"

"हो."

"मी त्या वेळी... म्हणजे तपासणी तोंडावर आली होती, आणि माणसं कमी –"

"जाऊ द्या मॅडम."

आणि ती वळून आपल्या मशीनपाशी गेली. आवाजात राग असता तर बाईंनी तो झेलला असता. बावीस वर्षं माणसं सांभाळली होती, राग कसा विझवायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ती खरंच 'जाऊ द्या' म्हणत होती, एखादी चादर नीट घडी झाली नाही तर म्हणावं तसं. आणि बाईंना आठवलं की हेच दोन शब्द तिने त्यांना याआधीही म्हटले होते. याच टेबलापुढे, तीनदा. जाऊ द्या मॅडम. फक्त तेव्हा त्यांच्याआधी आणखी एक शब्द होता – मला.

चार तारखेला ती म्हणाली होती की वडिलांनी अंथरूण धरलंय, गावी पोचायलाच बसने एक दिवस लागतो. बाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं होतं. (खरंच पाहिलं होतं, की पाहिल्यासारखं केलं होतं?) "उद्या बघू," त्या म्हणाल्या होत्या. उद्या म्हणताना काही नाकारल्यासारखं वाटत नाही. उलट आपण किती समजूतदार आहोत असं वाटतं. मग आठ तारखेला ड्रायर बंद पडलं, ओल्या चादरींचे डोंगर झाले, ऑपरेशन थिएटरमधून दर अर्ध्या तासाला फोन, आणि सगळ्यांनी हात टेकल्यावर हीच एकटी उभी राहिली – ओल्या चादरी इस्त्रीच्या मशीनखाली वाळवत, बोटांना फोड आले तरी. संध्याकाळी बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही खरं होतं. "जा बाई तू. उद्याच जा. चार दिवस राहून ये." दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. ड्रायर सुरू झालं, त्याची गरम हवा तोंडावर आली, बाईंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच कुठेतरी आदल्या दिवशीचा शब्द विरघळून गेला. "आता तपासणी होईपर्यंत थांब की. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे." तिने पुन्हा अर्ज लिहिला. नऊ तारीख. मग बारा.

तेराला सकाळी तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकला, खिशात ठेवला, मशीनमधून अर्धी बाहेर आलेली चादर शेवटपर्यंत काढली, घडी केली, मशीनचं बटण बंद केलं. मग बाईंकडे आली. "आता गेलं तरी चालेल ना?" एवढंच म्हणाली.

तपासणी झाली. विभागाला उत्तम शेरा मिळाला. तो आता काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे.

माणसं खरंच कमी होती का? हा प्रश्न बाई पंधरा दिवस टाळत होत्या आणि आज, काचेपलीकडे इस्त्रीवालीची वाकलेली पाठ दिसत असताना, तो टाळता येईना. नव्हती कमी. घडी घालणाऱ्या दोघी होत्या, त्यांना मशीन येत होतं. इतकं सफाईने नाही, पण येत होतं. मग का? ... माझी आई गेली तेव्हा मला कुणी सोडलं होतं? तेव्हाच्या इन्चार्जने तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि मी रडत रडत टॉवेल मोजले होते, आणि पुढे चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली होती – दुःखातही प्रभूने मला कर्तव्यावर उभं ठेवलं – आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली होती. त्या आमेनवर मी इतकी वर्षं जगले. मला जे मिळालं नाही ते हिला इतक्या सहज...

बाईंनी विचार तिथेच तोडला. पण तो तुटायच्या आधी त्यांना त्याचं तोंड दिसलं होतं.

चार वाजता त्या घरी आल्या. नवरा खिडकीशी पेपर वाचत बसला होता.

"झाली का तयारी? फारो बुडाला की नाही?"

"आज नाही बुडत तो. आज फक्त पीडा."

"दहाच्या दहा? मग उशिराच येणार तू."

बाई हसल्या नाहीत. लाँड्रीत मॅडम असलेल्या त्या, चर्चमध्ये 'बाई' होत्या. दर बुधवारी सहा वाजता मागच्या खोलीत बायबल-अभ्यास घ्यायच्या. आजचा विषय चर्चच्या पाळकांनीच दिला होता: मिसरातल्या दहा पीडा आणि आजच्या ख्रिस्ती माणसासाठी त्यांचा आध्यात्मिक अर्थ. मोशे देवाचा निरोप आणतो, माझ्या लोकांना जाऊ दे; मिसरचा राजा फारो त्या गुलामांना सोडत नाही, आणि दर वेळी नवी पीडा येते. बाईंनी सुरेख टिपणं काढली होती, तांबड्या शाईने आकडे घालून. नदीचं रक्त म्हणजे ज्यावर जग विसंबतं तेच नासणं. टोळ म्हणजे हव्यास. अंधार म्हणजे तीन दिवस शेजारचा माणूसही न दिसणं. टिपणांत सगळं जग होतं, त्याच्या मूर्ती, त्याचा माज. आपण मात्र पलीकडे, दाराला कोकराचं रक्त लावून, जिथे मरण शिरत नाही अशा सुरक्षित घरात बसलेलो. लहानपणापासून हे वाचताना बाई नेहमी त्या घरातच बसलेल्या असत. आज स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पानं उलटताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की त्या घरात आपण नक्की कुणाच्या ओळखीने शिरलो?

"अगं, ती आली का आज?" नवऱ्याने पेपरमधून डोकं न काढता विचारलं.

"आली."

"मी तेव्हाच म्हणत होतो, जाऊ दे तिला." मग बायकोचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "बरं, जाऊ दे."

मागच्या खोलीत अकरा जण होते. पुढे पाळक, शेजारी वायरमनकाका – निवृत्त झालेले, एका कानाने कमी ऐकणारे, म्हणून नेहमी पहिल्या ओळीत – आणि अगदी मागे, दारापाशी, इस्त्रीवाली. ती येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. या चर्चमधूनच त्यांनी तिला कामावर लावलं होतं. तेव्हापासून ती कधी वर्ग चुकवत नसे. चुकवायची तिला भीती वाटत असेल, हे बाईंच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी टिपणं उघडली. पहिली पीडा नीट झाली. दुसरीला, बेडकांना, थोडा हशाही झाला.

"फारोच्या जादूगारांनीपण बेडूक काढून दाखवले म्हणे," वायरमनकाका म्हणाले. "म्हणजे होते त्यात भर घातली! कमी करता आले नाहीत एकालाही."

"आपल्या कमिटीसारखं," पाळक म्हणाले, आणि सगळे खळखळून हसले.

"पण बाई, मला एक कळत नाही." काकांनी बोट पानावर ठेवलं होतं. "अंथरुणात बेडूक, पिठात बेडूक. मोशे विचारतो, केव्हा घालवू बोल. आणि हा फारो म्हणतो, उद्या. अहो, आत्ता म्हण की! एवढ्या बेडकांत आणखी एक रात्र काढायची हौस कुणाला असते?"

पुन्हा हशा झाला. बाईंनी टिपणांत पाहिलं. तिथे बेडकांपुढे 'अशुद्धता' असं लिहिलेलं होतं.

"कारण..." त्या म्हणाल्या. "उद्या म्हटलं की अजून आपलंच चालतं असं वाटतं. नाही म्हणायचा दोष येत नाही, आणि सोडावंही लागत नाही."

हे टिपणांतलं नाही हे सगळ्यांना कळलं असावं. आता बोल, त्या स्वतःला म्हणाल्या. ती मागे बसली आहे. आत्ता बोलली नाहीस तर...

"मला एक उदाहरण माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांना जाणवलं की वाक्य चुकीच्या रस्त्याला लागलं आहे. "एक बाई होत्या. त्यांच्या हाताखाली एक मुलगी काम करायची. तिचे वडील आजारी होते..."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ड्रायरच्या जागी दुसरंच कसलंतरी मशीन घातलं, हॉस्पिटलच्या जागी कारखाना. पण तीन अर्ज तीनच ठेवले. सांगताना आवाज योग्य जागी कापत होता. दोघीतिघी डोळे पुसू लागल्या, आणि बाईंना – हे सगळ्यात वाईट होतं – बाईंना बरं वाटू लागलं. गोष्ट चांगली जमत होती. ती दुसऱ्या कुणाची झाली होती. माझ्याच पापाची मी साक्ष बनवते आहे, आणि आता हे लोक आमेन म्हणतील.

"काय माणसं असतात," पाळकांनी मान हलवली.

वायरमनकाका अजून पानातच होते. "बघा ना. हा फारोही पाप केलं म्हणतो, एकदा नाही, दोनदा. पण मागतो काय? दर वेळी एकच. हे बेडूक काढा. ह्या माश्या काढा. गारा थांबवा. माझं मन काढा असं एकदाही म्हणत नाही गडी."

"बाई," मागून आवाज आला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. ती वर्गात कधी बोलत नसे. इस्त्रीवाली उठून उभी राहिली होती, शाळेत उभं राहावं तशी, हात पुढे बांधून.

"त्या बाईंनी नंतर त्या मुलीला काही म्हटलं का?"

आवाज साधा होता. त्यात टोमणा होता का, बाई शोधत राहिल्या. असता तर बरं झालं असतं. पण ती खरंच विचारत होती. कदाचित तिला कळलं नसेल... नाही, कसं कळणार नाही? तीन अर्ज तिनेच तर लिहिले होते. ती त्यांना वाट करून देत होती. इतकी मोठी वाट, इतक्या लोकांदेखत, आणि एका शब्दाने त्यांचं नाव न घेता.

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही म्हटलं."

"अच्छा." ती खाली बसली.

पाळकांना काहीतरी अडखळलंय एवढं जाणवलं असावं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या मृदू स्वरात म्हणाले, "बाईच शेवटची प्रार्थना करतील. डोकी लववू या."

खुर्च्या किंचित करकरल्या. डोकी खाली झाली. बाईंनी हात जोडले आणि शब्द नेहमीप्रमाणे आपणहून जिभेवर आले: हे दयाळू पित्या, आमच्या अंतःकरणातलं ओझं दूर कर, आमची अस्वस्थता काढून घे... ओठ उघडले होते. पण 'काढून घे' तिथेच अडकलं. आत सकाळपासून, खरं तर पंधरा दिवसांपासून जे तापत होतं, ते आता मानेपर्यंत, कानांपर्यंत चढलं होतं. आणि या खोलीत त्यांच्याबाबतीत खरं असं तेवढं एकच होतं. तेही गेलं तर मागे काय उरेल? गरम हवा तोंडावर येईल, हायसं वाटेल, आणि मी पुन्हा...

कुणीतरी खोकलं.

बाईंनी डोळे उघडले. खाली वाकलेल्या डोक्यांच्या पलीकडे दारापाशी एकच चेहरा वर होता. तीही डोळे उघडे ठेवून बसली होती आणि सरळ त्यांच्याकडे पाहत होती. त्या नजरेत क्षमा नव्हती, रागही नव्हता; ती नुसती थांबलेली होती. रोजच्या सवयीने बाईंची नजर बाजूला वळू पाहत होती. त्यांनी ती वळू दिली नाही. तोंड सगळं भाजून निघत होतं. दहा जण आमेनची वाट पाहत होते, आणि शब्द अजून सापडत नव्हता, सापडेल की नाही तेही माहीत नव्हतं – पण लाज होती तिथेच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ती काढून घे म्हणत नव्हते.