चूक आली तर पुढे जा

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत आणि तिला ते चालत असे. सतरा वर्षं ती खुसपटं काढण्याचाच पगार घेत होती. दवाखान्यांसाठी बनणारं सॉफ्टवेअर बाहेर पडण्याआधी ती स्वतःच्या हाताने तपासायची. कुठला रकाना रिकामाच सोडायची, वयाच्या जागी नाव टाकायची, एकच बटण दहादा दाबायची. काही गडबड दिसली की बग नोंदवायची. प्रोग्रामर तिच्या नावाने बोटं मोडायचे आणि निमूटपणे दुरुस्ती करायचे.

मग वरून फर्मान आलं. हाताने तपासणं बंद. आता तपासणीचेही प्रोग्राम लिहायचे, माणसाऐवजी मशीन तपासणार. प्रत्येकाने सहा महिन्यांत अशा साठ टेस्ट लिहून चालवून दाखवायच्या. जमलं तर टीममध्ये जागा, नाही तर खालच्या मजल्यावर दवाखान्यांच्या तक्रारींचे फोन घ्यायला. आणि खालचा मजला वर्षभरात बंद होणार, हे तर चहावाल्यालाही ठाऊक होतं. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडून दोन वर्षं झालेली, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. घर तिच्याच एकटीच्या नोकरीवर उभं होतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोड शिकणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. पहाटे साडेचारला उठून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. शनिवार-रविवार क्लास. तिथे मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये ती पहिल्या बाकावर, कारण मागून फळा दिसत नसे. एक कंस टाकायचा राहिला की अख्खी सकाळ पाण्यात. डोळ्यांची आग, मानेला पट्टा. किती वेळा मनात आलं, मरू दे मेलं, जाते खाली फोन घ्यायला. मग मुलगी अभ्यासाला उठलेली दिसायची आणि ही पुन्हा तो कंस शोधायला बसायची.

क्लासच्या सरांनी एक युक्ती सांगितली होती. टेस्ट मध्येच बंद पडू नये म्हणून प्रत्येकीच्या भोवती दोन ओळी घालायच्या. त्यांचा अर्थ एवढाच, की चूक आली तर पुढे जा. तिने त्या घातल्या आणि तिच्या टेस्ट पटापट शेवटपर्यंत धावायला लागल्या. पास झालेली टेस्ट रिपोर्टात हिरवी दिसते, नापास झालेली लाल. पाचव्या महिन्यात तिच्या साठच्या साठ हिरव्या झाल्या. टीममधल्या बाकी तिघांच्या मात्र सारख्या लाल होत होत्या. ते तिच्याकडे आले. "ताई, तुमची फाईल द्या ना." इतक्या वर्षांत तिचं काही कोणी मागून नेलं नव्हतं. तिने फाईल तर दिलीच, वर शेजारी बसून समजावूनही सांगितलं. त्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली, खोटं कशाला बोला.

मुदतीतल्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजता मॅनेजरबाईंसमोर चौघांच्याही टेस्ट चालवायच्या होत्या. सगळं हिरवं दिसलं की पाच वाजता सॉफ्टवेअर दवाखान्यांना जाणार होतं. दुपारी दोनला तिच्या हाताला काही कामच उरलं नाही. बसवेना, म्हणून तिने लहान मुलांच्या औषधाचा फॉर्म उघडला, वजनाचा रकाना रिकामा सोडला आणि बटण दाबलं. 'वजन भरा' असं यायला हवं होतं. डोस आला, तोही मोठ्या माणसाचा.

तिने पुन्हा करून पाहिलं. तोच डोस. मग रिपोर्ट काढला. नेमकं हेच तपासणारी तिची टेस्ट तिथे हिरवीगार बसली होती.

तिने त्या टेस्टची एकेक ओळ वाचून काढली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. टेस्टला चूक भेटत होती, टेस्ट मुकाट्याने पुढे जात होती, आणि शेवटपर्यंत पोचली म्हणून पास ठरत होती. तिच्या साठ टेस्ट काही म्हणजे काही तपासत नव्हत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या बाईने चुका गिळणारी वस्तू बनवली होती, आणि वर ती तिघांना वाटलीही होती. त्या दोन ओळी काढून तिने सगळं पुन्हा चालवलं. एकवीस लाल.

टीमचा लीड तिच्याच हाताखाली तयार झालेला. पहिला बग कसा नोंदवायचा, ते तिनेच त्याला शिकवलं होतं. तिने सांगितलं ते त्याने उभ्याउभ्याच ऐकलं.

"बाकी तिघांच्या फायली?"

"माझ्याच आहेत त्या."

त्याने दार लोटून घेतलं. "ताई, औषधाचं मी आत्ता दुरुस्त करून घेतो. बाकीचं सोमवारी बघू. त्या ओळी परत घाला, चारला हिरवं दाखवा आणि सुटा. तुमच्यासाठीच सांगतोय."

तो तिच्यासाठीच सांगत होता, आणि तिला मोह झाला. चांगलाच झाला. त्या सगळ्या पहाटा तिने काय उगाच घालवल्या होत्या?

"एक सापडलं म्हणून कळलं रे," ती शेवटी म्हणाली. "उरलेल्या विसांत काय आहे, माहितीये तुला?"

"नाही."

"मलाही नाही."

चार वाजता तिने लाल दाखवलं. आधी स्वतःचं, मग तिघांच्या फायलींमधल्या त्या ओळी सगळ्यांसमोर काढून त्यांचं. भिंतीवरच्या पडद्यावर रिपोर्ट लाल होत होत खाली सरकत राहिला. "हे माझ्याकडून गेलंय, यांचा दोष नाही," ती म्हणाली. तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "यातल्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या चुका किती आणि टेस्टच चुकलेल्या किती, हे आता कसं कळणार?"

"हाताने तपासून," ती म्हणाली.

सॉफ्टवेअर थांबवलं गेलं. नियमाप्रमाणे चौघंही नापास होती. मॅनेजरबाई बराच वेळ कागद चाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, की हे आज कळलं हेच नशीब, म्हणून चौघांना आणखी सहा महिने. दिवसा हाताने तपासायचं, आणि टेस्ट पहिल्यापासून लिहायच्या.

"वाचलात ताई," बाहेर आल्यावर लीड म्हणाला.

तिने मान हलवली. बाई कागद चाळत होत्या तेव्हा आपण आता खाली जाणार याची तिला खात्री पटली होती, आणि त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. उद्यापासून पहाटे उठायचं नाही, एवढंच मनात आलं होतं. आता पुन्हा उठायचं होतं. नोकरी वाचली म्हणून रडू येतंय, हे सांगायचं तरी कोणाला? ती जिन्यात जरा वेळ थांबली आणि तोंड पुसून खाली उतरली.

घरी नवरा दारातच उभा होता. "काय झालं?"

"राहिली नोकरी. परत शिकायचंय. आणखी सहा महिने."

"अरे वा," तो म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला, ते दिसतच होतं. "तू करशील गं. तुझ्यासारखी चिवट बाई मी..."

"अहो," ती खुर्चीत बसत म्हणाली, "आज कौतुक नको. आज नुसतं बसा माझ्याजवळ."