गोलात उभा राहिलेला दाऊद

१९४९ साल उजाडलं तेव्हा दाऊद मणियारला चालता चालता झोप येऊ लागली होती.

जामखेडच्या बांगडीवाल्याचा हा थोरला मुलगा नगरला झेंडीगेटात मुबारकबी खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून इंटर सायन्सला शिकत होता. गणितात वर्गात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मैदानावर त्याच्या पायातला चेंडू काढून घेणाराही सापडत नव्हता. पहाटे पळणं, मग कॉलेजचे तास, संध्याकाळी पुन्हा सराव. त्या मोसमात कॉलेजचा फुटबॉल संघ पुण्याला आणि नाशिकला जाऊन जिंकून आला. बहुतेक गोल दाऊदचे. परतीच्या एस.टी.त पोरं गाणी म्हणत. दाऊद मांडीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसे आणि खिडकीवर डोकं आपटलं की जागा होई.

"आरशात तोंड बघ, बेटा. अर्धा झालायस," खाला म्हणायची.

"परीक्षा झाली की निजतो, खाला."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भिंगारच्या मैदानावर फौजेच्या संघाशी अंतिम सामना होता. फौजी बुटांत, कॉलेजची पोरं अनवाणी, घोट्यांना पट्ट्या बांधून. मध्यंतराआधीच दाऊदनं डोक्यानं गोल केला. पोरांनी त्याला उचललं, तेव्हा त्याला एवढंच वाटलं, की यांनी असंच थोडा वेळ धरून ठेवावं.

मध्यंतरानंतर गोलकीपर छगन चेंडूसाठी उडाला आणि खांबावर आदळला. खांद्याचं हाड मोडलं. त्याला उचलून बाहेर नेलं. बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती; उरलेल्या दहांतल्याच कुणीतरी गोलात उभं राहायचं होतं.

"मी राहतो," दाऊद म्हणाला.

"वेडा का खुळा तू?" खेळाचे मास्तर सूर्यभान रेषेबाहेरून ओरडले. "तू पुढं पाहिजेस!"

पण दाऊदनं छगनचा स्वेटर अंगात चढवलाही होता.

फौजेनं मग त्यांना मागं रेटत आणलं. दाऊदला गोलकीपिंग येत नव्हतं. चेंडू कुठून येणार एवढं मात्र त्याला दिसत होतं आणि तिथं तो जाऊन उभा राहत होता. एक फटका गुडघ्यानं अडला, एक खांबाला लागून गेला. शेवटचा त्यानं छातीवर घेतला, चेंडूला मिठी मारून खाली पडला आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. विजेत्याची ढाल कॉलेजची झाली.

तो उठेना. पोरं धावत आली.

"लागलं का रे?"

"न्हाई. जरा पडून राहू द्या."

आठवड्यानं त्यानं पेपर दिले. जूनमध्ये निकाल लागला. दाऊद पहिल्या वर्गात आला, गणितात कॉलेजात पहिला. त्याचं नाव घेऊन भाषणं झाली. मैदानातला त्याग आणि वर्गातली तपश्चर्या, असं कुणीकुणी म्हणालं. पुढच्या रविवारी सूर्यभान मास्तर खालाच्या घरी आले. खालानं चहा ठेवला.

"यंदा कप्तान तू," मास्तर म्हणाले. "जागा सोडून गोलात गेलास, त्याच दिवशी मी ठरवलं होतं."

दाऊदनं बशी खाली ठेवली.

"मास्तर, जागा मी संघासाठी सोडली नव्हती. पाय उचलत नव्हते. गोलात उभं राहायला मिळतं, म्हणून गेलो."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग तसं सांगायचंस की!"

"कुणाला सांगणार? तुमी भेटला की खेळाचं विचारायचा, सर भेटले की गणिताचं."

चहा निवून गेला. खाला दारातूनच म्हणाली, "पोरगं बारीक तापातबी पळत हुतं, मास्तर. मला दिसत हुतं. पन तुमच्याम्होरं मी काय बोलनार?"

"मला दिसायला पाहिजे होतं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "यंदा खेळणारच नाहीस?"

"यंदा न्हाई. शिकनार मातूर हाय."

मास्तरांनी मान हलवली. उठताना त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कप्तानपदाचं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाऊद जामखेडच्या गाडीत बसला. शेजारच्या माणसानं ओळखून विचारलं, "ते गोलवाले दाऊद तुमीच का?"

दाऊदला तेव्हाच झोप लागली होती. त्या माणसानं मग त्याला उन्हाची तिरीप लागू नये म्हणून आपलं उपरणं खिडकीला बांधलं.