माउसबाबा आणि न दिसणारं फोल्डर

डोळ्यांच्या दवाखान्याचा हॉल सकाळी दहालाच गच्च भरला होता. निम्म्या लोकांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. तरी माना उंच करून ते दाराकडेच बघत होते, कारण आज माउसबाबा येणार होता. वरच्या मजल्यावरचे वकील, विमा कार्यालयातले कारकून, शिवणक्लासच्या बाई, सगळे कामं टाकून जिन्यात येऊन उभे राहिले होते.

"आमच्या मशीनवरचं एकूणएक कागदपत्र गेलं होतं हो," वकील सांगत होते. "अपडेट झालं आणि स्क्रीन धुतल्यासारखी कोरी! बाबांनी नुसता हात ठेवला, सगळं जागच्या जागी."

"सगळ्या इमारतीलाच झपाटलंय," शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाबा आला. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात दोऱ्यात ओवलेले चार पेन ड्राइव्ह. आतल्या खोलीत जाऊन त्याने डॉक्टरांच्या संगणकावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"ताप आहे," तो म्हणाला. "रॅममध्ये कुणाची तरी हाय बसली आहे. सगळे बाहेर व्हा. माझं आणि यंत्राचं बोलणं चालताना तिसऱ्याने पाहिलं, तर फाइली कायमच्या जातील."

मग एक डोळा उघडून त्याने विचारलं, "ती बाई इमारतीत आहे का?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. कोपऱ्यात माझी ताई उभी होती.

ताई या दवाखान्यात एकोणीस वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवते. दोन महिन्यांपूर्वी संगणकाने 'अपडेट करा' म्हटलं, तिने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या नोंदी गायब! बाबाला बोलावलं, नोंदी परत आल्या. जाताना त्याने विचारलं, "शेवटचं बटण कुणाच्या हाताने दाबलं?" झालं. त्यानंतर चार वेळा एकेक फोल्डर नाहीसं झालं, आणि चारही वेळा ते ताईला सापडेना, बाबा आला की सापडे. डॉक्टरांनी तिला मागच्या खोलीत चष्म्याच्या डब्या लावायला बसवलं. जिन्यात लोक तिला बघून भिंतीला चिकटू लागले.

हे सगळं मी फोनवर ऐकत होते आणि दातओठ खात होते. पण सुट्टीत माहेरी आले, तर ताईच्या उजव्या हातात हातमोजा. माझी तीन महिन्यांची लेक तिच्यापुढे धरली, तर ती दोन पावलं मागे सरली. "नको गं. माझ्या हातालाच काहीतरी आहे. लेकराला कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेत संगणक शिकवते. लोकांना शहाणं करावं असले थोर विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते, खोटं कशाला बोलू? मला सूड हवा होता. आणि तो चारचौघांत हवा होता.

काल पाचवं फोल्डर हरवल्याची बोंब झाली, तेव्हा मी दवाखान्यात गेले. ते फोल्डर मला अर्ध्या मिनिटात सापडलं. होतं तसंच मी ते पुन्हा लपवून ठेवलं. हो, मुद्दाम. मग डॉक्टरांना साळसूदपणे म्हटलं, "बाबांचा महिमा सगळ्यांना कळला पाहिजे. हॉलमधला टीव्ही या संगणकाला जोडू का?" डॉक्टरांना वाटलं, मंत्र ऐकू येतील. "जोडा की," म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, आणि इथे तर डोळ्यांच्या डॉक्टरांनीच दोन दिले!

तर बाबाने दार लावून घेतलं. आतून मंत्र सुरू झाला, "कंट्रोल स्वाहा, आल्ट स्वाहा, डिलीट स्वाहा..." मी हॉलमधला टीव्ही लावला. आत बाबाच्या पुढ्यात जी स्क्रीन होती, तीच बाहेर भिंतीवर आली.

"काय दिसतंय? काय दिसतंय?" थेंब घातलेले विचारू लागले. निवृत्त पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत अजून थेंब पडले नव्हते. त्यांनी उभं राहून मोठ्याने सांगायला सुरुवात केली.

"फोल्डर उघडलं... वरच्या यादीत गेला... 'लपवलेल्या फाइली दाखवा' असं लिहिलंय, तिथे खूण केली... आणि अरेच्चा! आलं की फोल्डर! फिकट दिसतंय, पण आलं! आता त्याची 'लपवा'ची खूण काढली, ठळक झालं!"

"एवढ्यात?" वकील म्हणाले. "आमच्याकडे तर तासभर लागला होता."

"थांबा... आता पत्ते उघडलेत. अहो, पत्ते खेळतोय हा! लाल राणीवर काळा गुलाम!"

आतून मंत्राचा आवाज चढला. बाहेर पोस्टमास्तर एकेक पान सांगत होते. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळा हॉल तोंडावर हात धरून हसू लागला. ताई मात्र हसली नाही. ती टीव्हीकडे टक लावून बघत होती.

वीस मिनिटांनी डाव संपला. बाण पुन्हा फोल्डरांवर आला. 'गेल्या वर्षीच्या शस्त्रक्रिया' या फोल्डरवर थांबला, एक छोटी खिडकी उघडली, 'लपवा' या शब्दापुढे खूण झाली. मग बाबाने यादीत जाऊन मघाची खूण काढून टाकली आणि ते फोल्डर नाहीसं झालं.

आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दार उघडून बाबा घाम पुसत बाहेर आला. "आल्या फाइली! पण सावध राहा. त्या बाईचा हात पुन्हा लागला, तर शस्त्रक्रियांवर संकट येईल."

"ते राहू द्या," पोस्टमास्तर म्हणाले. "डाव सुटला की अडला, महाराज?"

बाबाने टीव्हीकडे पाहिलं. त्याची पाचावर धारण बसली.

मी दारात आडवी उभी राहिले. "ऐका सगळ्यांनी. अपडेट होताना तुमच्या फाइली एका आतल्या फोल्डरात गेल्या. तसली फोल्डरं संगणक मुद्दाम नजरेआड ठेवतो, चुकून कुणी पुसू नयेत म्हणून. कुठे गेलं नव्हतं काही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण एकदाच चमत्कार करून धंदा कसा चालणार? म्हणून हा जाताना एक फोल्डर स्वतःच लपवून जायचा. नोंदी कोण शोधतं? ताई. मग हरवलेलं पहिल्यांदा कुणाला कळणार? ताईलाच. आणि जिला कळलं तिलाच तुम्ही चोर ठरवलंत! संगणक अडला, तर आधी विचारा, काय बदललं? काल काय केलं? कुणाची नजर लागली असं जो सांगतो, त्याच्याच हाताकडे नीट बघा."

बाबाने हात जोडले. "पोटासाठी केलं हो, बाई. माफ करा."

"माझ्याकडे काय मागतोस? तिच्याकडे माग."

तो ताईकडे वळला. त्याच्यामागे डॉक्टरही घसा खाकरत पुढे आले. "ताई, चूक झाली. उद्यापासून तुमच्या टेबलावर बसा. झालं गेलं..."

"झालं गेलं कसं, डॉक्टर?" ताईने त्यांना मध्येच तोडलं. "दोन महिने मी घरात भाकरीला हात लावताना भ्यायले. भाचीला मांडीवर घेतलं नाही. मला माफी नको." ती बाबाला म्हणाली, "तू चल. या इमारतीतल्या प्रत्येक मशीनपुढे बसायचं आणि ती खूण कशी करायची ते प्रत्येकाला शिकवायचं. दार उघडं ठेवून. आणि डॉक्टर, तुम्हीही चला. मला अपशकुनी म्हणताना तुम्ही जिन्यात उभे होतात, आताही तिथेच उभं राहून सांगा की हे खोटं होतं."

बाबा पुढे, डॉक्टर मागे आणि त्यांच्यामागे ताई, असे तिघं तीन मजले चढले. ताई प्रत्येक कारकुनाकडून खूण करवून घेत होती, एकदा लावून आणि एकदा काढून. जमलं नाही, तर बाबाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होती. मला त्याची दया आली का? छे! मी लेकीला छातीशी धरून मागोमाग फिरले आणि पोटभर बघितलं.

शेवटच्या मजल्यावर त्याचा घसा पार बसला. "बाई, आता तरी सोडा," तो पुटपुटला. "झाल्या की सगळ्या मशीन."

"वकिलांचा दुसरा संगणक राहिलाय," ताई म्हणाली, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.