राहिल्याच्या खुणा

मोजपट्टीच्या डोक्यात एक घर होतं. ते कुठल्याही रस्त्यावर नव्हतं. आजवर ती ज्या सात घरांत वाढली, त्यांचे तुकडे एकमेकांना चिकटून ते आपोआप तयार झालं होतं. पहिल्या घराचा जिना चढला की तिसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात पोचायचं. तिथल्या फ्रीजमागे एक दार होतं, ते उघडलं की पाचव्या घराची गॅलरी लागायची, आणि गॅलरीत कायम दुपार असायची. जेवणाच्या सुट्टीत डोळा लागला की ती तिथे फिरून यायची. कुठली फरशी हलते, कुठलं बटण दाबलं की भलतीकडचाच दिवा लागतो, सगळं तिला पाठ होतं. त्या घरात तिची स्वतःची वस्तू मात्र एकही नव्हती.

मोजपट्टी हे नाव तिला चष्म्याच्या कारखान्यात मिळालं. फ्रेमच्या आकाराबरहुकूम काच घासून द्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिची काच पहिल्याच खेपेला अशी बसायची की कारखान्याचे मालक, म्हणजे काका, म्हणायचे, "हिला देवानं डोळे दिले नाहीत, मोजपट्टीच बसवली!" काकांना माहीत नव्हतं, पण नाव दुसऱ्याही अर्थी खरं होतं. नव्या घरात पाऊल टाकल्यावर ती आधी खोली पावलांनी मोजायची. दारापासून खिडकी पाच पावलं, कपाटापासून भिंत दोन. माणसं कशी आहेत ते कळायला महिने लागतात, खोली मात्र पहिल्याच दिवशी खरं बोलते.

सातवं घर मावशीचं. मावशी नात्यातली नव्हती, निराधार मुलांची सोय लावणाऱ्या सरकारी ऑफिसनं नेमून दिलेली होती. पण चार वर्षांत हाक तोंडात बसली होती. ती बस चालवायची, आणि घरातही समोर ट्रक आडवा आल्यासारखी बोलायची.

तीन आठवड्यांनी मोजपट्टीला अठरा पूर्ण होणार होती. त्या दिवसापासून ती कुणाच्या घरात ठेवायचं मूल राहणार नव्हती. मावशीकडची खोली मग दुसऱ्या लेकराला जाणार होती. ते रास्तच आहे असं दोघींनाही वाटत होतं. रास्त वाटणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, हेही दोघींना माहीत होतं, म्हणून त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

रविवारी सकाळी ऑफिसातली ताई फाईल घेऊन आली आणि तिनं टेबलावर तीन कागद मांडले.

"पहिलं, मुलींचं वसतिगृह. बारा जणी, एक रेक्टर. संध्याकाळी सातला दार बंद."

"तुरुंगातही असंच असतं," मावशी म्हणाली. "पण तिथे जेवण फुकट."

"इथेही फुकटच आहे."

"मग फरक काय राहिला?"

ताईनं तिच्याकडे न बघता दुसरा कागद पुढे सरकवला. "एका आजी-आजोबांच्या घरातली खोली. माणसं चांगली आहेत. त्यांनाही सोबत हवी आहे."

"म्हणजे आठवं घर," मावशी पुटपुटली.

"आणि तिसरं, स्वतंत्र खोली. इस्त्रीच्या दुकानाच्या वर. मी आठवड्यातून एकदा भेटायला येईन, बाकी किल्ली फक्त तुझ्याकडे. पण अशी खोली एकच रिकामी आहे. आणि त्याआधी आठवडाभर सरावघरात एकटीनं राहून दाखवावं लागतं. जमलं तर खोली, नाही तर पहिल्या दोनांतलं एक."

किल्ली फक्त तुझ्याकडे. हे तीन शब्द मोजपट्टीच्या कानात शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. तिसऱ्या कागदावर खोलीचा आराखडा होता. खिडकी पूर्वेला. तिनं बोटानं अंतर मोजून पाहिलं.

"हे," ती म्हणाली.

"नीट विचार करून सांग हं."

"चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय तिनं," मावशी म्हणाली. "लिहून टाका आधी, नाहीतर परत घेईल."

सरावघर म्हणजे ऑफिसनं ठेवलेली दोन खोल्यांची जागा. खाट, टेबल, एक खुर्ची, गॅस, फ्रीज. मोजपट्टीनं आत जाऊन पावलं मोजली आणि मग ती कितीतरी वेळ खोलीच्या मधोमध उभी राहिली. कुणाचं खाकरणं नाही, कुणाची चप्पल नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी गाढ झोपलं असावं तसा फ्रीज घुमत होता. दुपारी उन्हाचा एक चौकोन फरशीवर उतरायचा आणि खुर्चीच्या पायाला वळसा घालून भिंतीकडे जायचा. एका फरशीवरून दुसरीवर जायला त्याला अकरा मिनिटं लागायची. सुट्टीच्या दिवशी तिनं त्याच्याबरोबर पूर्ण खोली ओलांडली, बसल्या जागी, फक्त डोळ्यांनी. इतकी सुखी ती कधीच नव्हती. पण ते सुख श्वास रोखून धरलेलं होतं, फुलपाखरू हातावर बसल्यावर माणूस धरतो तसं.

पलंगपोस तिनं उचललाच नाही. त्यावर आपली चादर पसरून झोपायची आणि सकाळी घडी करून बॅगेत ठेवायची. साबण बॅगेतला, टॉवेल बॅगेतला. अंडं उकडलं की पातेलं पुसून, दांडा आधी होता त्याच कोनात वळवून जागेवर ठेवायची. टरफलं कागदात गुंडाळून कारखान्याच्या डब्यात टाकायची. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. दुसऱ्या घरातली बाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, "गुणाची पोर आहे हो, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही!" तेव्हा मोजपट्टी सहा वर्षांची होती. शहाणपण म्हणजे काय ते तिला तेव्हाच कळलं आणि पुढच्या पाच घरांत त्यात सफाई येत गेली.

आठव्या दिवशी ताई आली. तिनं पलंगपोसाचं टोक उचललं. खालची गादी कोरी. न्हाणीतला साबण वेष्टनातच. कचऱ्याच्या डब्यात नवी पिशवी, आत काही नाही. बेसिनवरून बोट फिरवून तिनं ते डोळ्यांसमोर धरलं.

"तू इथे राहिलीच नाहीस," ती म्हणाली.

"राहिले."

"कुठे होतीस आठवडाभर? मैत्रिणीकडे? मी ओरडणार नाही, पण खरं सांग."

"इथेच होते, ताई."

"मग दाखव ना मला काहीतरी!"

मोजपट्टीनं आजूबाजूला पाहिलं. एखाद्या खोलीत आपण राहिलो हे सिद्ध कसं करायचं? उन्हाचा चौकोन अकरा मिनिटांत फरशी ओलांडतो, हे सांगता आलं असतं. पण तो चौकोन साक्षीला येणार नव्हता. आज आभाळ भरलेलं होतं. ताईनं फाईल मिटली आणि सोमवारपासून वसतिगृहात खाट मिळेल असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मावशी गणवेशातच ऑफिसात शिरली. मोजपट्टीचं मनगट तिनं बसच्या दांड्यासारखं घट्ट धरलं होतं.

"काय म्हणालात तुम्ही हिला? राहिली नाही?"

"घरात एक खूण नव्हती हो. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

"मी सांगते ना. माझ्या घरात चार वर्षं आहे ही. चार वर्षांत बेसिनमध्ये हिचा एक केस सापडला नाही मला. न्हाणीची फरशी हिच्यानंतर कोरडी असते, आधी ओली असते, का तर माझ्यामुळे! शेजारची विचारायची, तुमच्याकडे मुलगी आली होती ती गेली का? आता बोला. माझ्याकडेही ही राहिली नाही म्हणायचं का?"

ताईच्या टेबलावर फायलींची चळत होती, आणि प्रत्येक फायलीत एखादं मूल होतं. तिनं मोजपट्टीकडे पाहिलं. मोजपट्टी खुर्चीवर बसली होती, पण टेकली नव्हती. खुर्ची गरम होऊ नये अशा बेतानं बसली होती.

"तीन दिवस," ताई अखेर म्हणाली. "तोवर वरची खोली मी अडवून ठेवते. आणि या वेळी तिथे कुणीतरी राहतंय असं मला दिसलं पाहिजे. कळलं?"

"म्हणजे काय करू?"

"ते मी कसं सांगू? राहा."

पहिल्या दिवशी मोजपट्टीनं प्रयोगासारखं करून पाहिलं. टॉवेल मुद्दाम खुर्चीवर फेकला. पाच मिनिटांनी बघते तर टॉवेल घडी होऊन बॅगेत, आणि तो कधी उचलला ते तिला आठवेना. कप न धुता ठेवून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन धुतला. कारखान्यात तिनं हे सांगितल्यावर काका इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला.

"अगं, माझ्या घरी ये! आमची बाई सोन्यानं मढवेल तुला. पसारा शिकायला शिकवणी लावायची वेळ आली म्हणजे कमालच झाली!" मग एकदम तिच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि इथे नको हं सराव करू. घरीच काय ते कर."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. बाहेर मावशी उभी होती. स्वतःच्या घरात न्हाणीचं दारसुद्धा ढकलून आत शिरणारी मावशी आज उंबऱ्याबाहेर, हातात पिशवी धरून.

"आत येऊ का?"

मोजपट्टीनं मागे वळून पाहिलं. मावशी नक्की कुणाला विचारतेय?

"ये की," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला थोडा मोठा वाटला.

मावशी थेट खाटेवर बसली. पलंगपोसाला चार बाजूंनी चुण्या पडल्या. मोजपट्टीचे डोळे तिकडेच.

"त्याच्याकडे नको बघूस. चादर आहे ती, परीक्षेचा पेपर नाही. चहा पावडर कुठे ठेवलीस?"

"वरच्या फळीवर, डावीकडे," मोजपट्टी म्हणाली, आणि थबकली. कारण ती तिथे दुसऱ्या कुणी ठेवली नव्हती.

चहा होईपर्यंत मावशी आडवी झाली होती. पहाटे चारपासून चाकावर होती ती. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोपली, तोंड किंचित उघडं, एक बूट अजून पायात. मोजपट्टी खुर्चीवर कप धरून बसून राहिली. उन्हाचा चौकोन आला, मावशीच्या पोटावर चढला आणि तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत राहिला. तो तिथून हलेना. अकरा मिनिटं झाली, वीस झाली, मग तिनं मोजणं सोडून दिलं. बाहेरचा रस्ता कुणी पाण्याखाली ठेवल्यासारखा दूर गेला. खोलीत फ्रीज आणि मावशी एका सुरात घोरत होते. पाहुणी आपल्याकडे झोपली आहे, असं मोजपट्टीच्या मनात आलं. आपल्याकडे. तो शब्द तिनं जिभेवर नुसताच ठेवला, गिळला नाही.

मावशी दचकून उठली, गार चहा एका घोटात पिऊन, कप टेबलावर आदळून, "मेले, साडेपाचची फेरी!" म्हणून बूट चढवत पळाली. मागे टेबलावर चहाचं गोल कडं राहिलं, आणि उशीत एक खळगा. मोजपट्टीनं फडकं उचललं. कडं अजून ओलं होतं. तिनं फडकं खाली ठेवलं. मग त्या खळग्यात डोकं टेकवून पाहिलं, नुसतं बघायला म्हणून. तिथे ऊब होती, डिझेलचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. पलंगपोस कधी अंगावर ओढला ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा पोचली.

संध्याकाळी ती धावत परत आली तेव्हा ताई दारात उभी होती. आवरायला वेळच नव्हता. ताई आत फिरली. बिछाना विस्कटलेला पडला होता. खुर्चीवर कालचे कपडे. डब्यात टरफलं. टेबलावर कडं, वाळून तपकिरी झालेलं. ताई बेसिनपाशी वाकली आणि तिथला एक लांब काळा केस बराच वेळ बघत राहिली.

"बेसिन घाण आहे," ती म्हणाली.

"हो."

"साफ करायला हवं."

"करते," मोजपट्टी म्हणाली. मग थोडं थांबून, "उद्या."

ताईनं मान खाली घालून फॉर्म भरला. ती हसत होती का ते दिसलं नाही. शेवटच्या ओळीत दोन शब्द छापलेले होते, होय आणि नाही. तिनं नाहीवर काट मारली.

इस्त्रीच्या दुकानावरची खोली खालच्या वाफेनं उबदार असायची, आणि पूर्वेच्या खिडकीतून सकाळ जराशी धूसर होऊन आत यायची. तिथे काहीच नव्हतं, भिंतीसुद्धा नुकत्याच रंगवलेल्या, कोऱ्या. मावशी गाडीवर होती, ताई दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीत. मोजपट्टी एकटीच होती, तेव्हा टेम्पोवाले दोघं खाट घेऊन जिना चढून आले. धाप लागलेली, कपाळावर घाम.

"कुठे ठेवायची, मॅडम?"

"तुम्हाला सोपं पडेल तिथे."

"आम्हाला रस्त्यावर सोपं पडेल," थोरला म्हणाला. "झोपायचंय कुणाला, आम्हाला का?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. "त्या भिंतीला."

त्यांनी भिंतीला लावली. ती दारात जाऊन उभी राहिली, डोकं एका बाजूला कलवून.

"नाही. खिडकीखाली."

त्यांनी उचलली, खिडकीखाली आणली. धाकट्यानं हात झटकले आणि पावतीचा कागद खिशातून काढला.

"थांबा," मोजपट्टी म्हणाली. "थोडी तिरपी होईल का? पाय भिंतीकडे, डोकं असं, इकडे."

"तिरपी?" थोरल्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, खाट कुणी तिरपी ठेवतं का? जायला-यायला आडवी येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "आणि बघते मी. कदाचित पुन्हा भिंतीलाच लावू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, खाट तिरपी केली, आणि तिचं काय ठरतंय ते बघत खाटेच्याच काठावर टेकून बसले.