सगळ्यांच्या आधी

साल १९९१. आमच्या घरात तेव्हा एक नियम होता. घरातल्या सगळ्यांचं खाणंपिणं उरकल्याशिवाय सुनेनं तोंडात काही घालायचं नाही, औषधसुद्धा नाही. मी थोरली सून. पंधरा वर्षं मी तो पाळला आणि धाकटी आल्यावर तिलाही पाळायला लावला, हे आधीच सांगून टाकते.

धाकटीची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यात तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून ती शिवणाला बसायची आणि काजं करता करता पेंगायची. सगळं खापर आम्ही मूत्रपिंडांवर फोडत राहिलो. शेवटी रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉईडही मंदावलाय. नवी गोळी सुरू झाली. चार महिने गेले, फरक शून्य.

"गोळी दुखण्यावर चालते, सोंगावर नाही," सासूबाई म्हणाल्या. तिला कायमचं माहेरी पाठवायचं ठरलं. तिचा नवरा, माझा दीर, घड्याळं दुरुस्त करायचा. तो मान खाली घालून चाकं साफ करत बसला.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्यासोबत डायलिसिसला गेले. नळी जोडता जोडता सिस्टरनं विचारलं, "ही थायरॉईडची गोळी घेता कधी?"

"दुपारी. सगळ्यांचं झालं की मी जेवते, तेव्हा सगळ्या एकदम."

"कॅल्शियमच्या गोळीबरोबर? मग ती अंगी लागणार कशी?"

ही गोळी पहाटे उपाशीपोटी, चहाच्याही आधी घ्यायची. कॅल्शियम चार तासांनंतर. सिस्टर म्हणाली, चिठ्ठीवर लिहिलंय की. लिहिलं होतंच. मी वाचलंही होतं. पण नियमापुढे चिठ्ठीला कोण विचारतो? रोज बशीत गोळ्या मांडून देणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई चहा गाळत होत्या. धाकटी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि तिनं मोजून घोटभर पाणी घेतलं.

"आधी मोठ्यांचं होऊ दे."

"नाही आई. तुमच्या मागून घेतलेली गोळी मला पोचत नाही." तिनं ती गिळली. "आणि मी माहेरी जाणार नाही. बॅग रिकामी केलीय मी."

"थोरले, सांग हिला काहीतरी."

मी माझा कप भरला आणि सगळ्यांच्या आधी प्यायले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच चहा गरम लागला.

दोन-तीन महिन्यांत स्वेटर पेटीत गेला. मूत्रपिंडं काही बरी झाली नाहीत, पण धाकटी आणखी बारा वर्षं जगली, शेवटपर्यंत शिवत राहिली. दिरानं पाचाचा गजर लावायला सुरुवात केली. ती गेल्यावरही तो त्यानं कधी काढला नाही. सासूबाईंनी चूक कबूल केली नाही. मात्र अंथरुणाला खिळल्यावर त्यांना पहाटे औषध धाकटीच द्यायची, आधी स्वतःची गोळी घेऊन, आणि त्या मुकाट वाट बघायच्या.

मी आता सत्तरी ओलांडलीय. माझी सून आधी स्वतः चहा पिते, मग मला देते. शेजारणी नाकं मुरडतात. मुरडू देत. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं, तेवढं आज बघा.